वाचकांचे आरोग्यप्रश्न : फ्लूची लस, पावसाच्या आधी

ऊन लागण्याविषयीच्या पत्रांना मागील अंकात उत्तरे दिली, तेव्हा फ्लूच्या लशीविषयीची काही पत्रे मुद्दाम बाजूला ठेवली होती. नवतपा तापत असताना आणि कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावे लागत असताना सर्दी-तापाच्या लशीचा विषय कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु नागपुरात या लशीचा निर्णय घेण्याचे दिवस हेच आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६९ आहे. तिला बारा वर्षांपासून मधुमेह असून रक्तदाबाच्या गोळ्याही चालू आहेत. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही तिला फ्लूची लस दिली. आठवडाभरातच ती तापाने अंथरुणाला खिळली आणि डिसेंबरमध्ये तिला पुन्हा सर्दी-खोकला झाला. आता ती म्हणते, "लस घेतली म्हणूनच मी आजारी पडले, यंदा नाव काढू नका." आमचे डॉक्टर घ्या म्हणतात, शेजारी म्हणतात पैसे वाया जातात. आम्ही काय करावे? (प्रतापनगर)

उत्तर : तुमच्या आईंनी सांगितलेला घटनाक्रम खरा आहे, त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावा लागेल.

दंडात टोचल्या जाणाऱ्या फ्लूच्या लशीतील विषाणू मारलेले असतात आणि बहुतेक लशींत त्यांचे केवळ तुकडेच उरलेले असतात. त्यांची शरीरात वाढ होऊ शकत नाही, म्हणून त्या लशीमुळे फ्लू होणे शक्य नाही. टोचल्यानंतर दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण वाटते, अंग मोडून येते आणि मग ते आपोआप थांबते. पाच-सहा दिवसांनी चढलेला आणि माणसाला अंथरुणाला खिळवणारा ताप मात्र लशीचा नव्हे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि लशीमुळे पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस गणपती आणि महालक्ष्म्यांच्या पंगती उठलेल्या असतात, घरोघरी कोणीतरी खोकत असते. त्या वातावरणात लस घेतलेल्या माणसाला तिचे संरक्षण मिळण्याआधीच संसर्ग गाठू शकतो. आपल्याकडचा फ्लूचा मुख्य हंगाम जुलै ते सप्टेंबर असा पावसाबरोबर येतो. तुम्ही लस दिलीत तेव्हा तो संपत आला होता. हे वरातीमागून घोडे झाले; त्यात लशीचाही दोष नाही आणि तुमच्या आईंचाही नाही.

डिसेंबरमधल्या सर्दी-खोकल्याविषयी एवढेच सांगतो की नाक गळले की आपण सरसकट 'फ्लू झाला' म्हणतो, पण सर्दी करणारे विषाणू शेकड्यांनी मोजावे लागतील इतके आहेत आणि ही लस त्यांपैकी फक्त इन्फ्लुएंझाविरुद्ध काम करते. खरा फ्लू बहुधा अचानक येतो: दुपारपर्यंत धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून, डोके आणि सांधे ठणकत आडवा होतो. वृद्धांमध्ये कधी कधी तापही फारसा नसतो, नुसता थकवा आणि जेवणावरून उडालेली वासना एवढेच दिसते, म्हणून तो ओळखायला उशीर होतो.

आता शेजाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. लस आणि प्रसारात असलेला विषाणू यांचा मेळ चांगला बसला, त्या वर्षी लशीमुळे डॉक्टरकडे जावे लागेल इतपत फ्लूची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. वयस्कर माणसांत हा आकडा अनेकदा यापेक्षाही खाली असतो. गोवराच्या लशीशी तुलना केली तर हे फारच सामान्य यश आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लशीची भलावण करताना ते लपवले जाते म्हणूनच लस घेतल्यावर आजारी पडलेल्या माणसाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. परंतु तुमच्या आईंच्या बाबतीत मोजायची गोष्ट दुसरीच आहे. ताप येईल की नाही यापेक्षा, ताप आलाच तर तो त्यांना कुठवर नेईल, हा खरा प्रश्न आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तीला फ्लू झाला की साखर बिघडते आणि फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. हृदयाचे म्हणाल, तर कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील रुग्णांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात तपासणीने फ्लू सिद्ध झालेल्या व्यक्तींना पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. लस घेतलेल्यांना फ्लू झाला तरी रुग्णालयात भरती होण्याची आणि अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचण्याची वेळ कमी येते. ६९ वर्षांच्या, मधुमेह व रक्तदाब असलेल्या स्त्रीसाठी मी या एका कारणासाठी लस सुचवतो; 'यंदा खोकला होणार नाही' असे आश्वासन तुम्हीही त्यांना देऊ नका.

वेळेविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण चूक तिथेच होते. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा अनेक ज्येष्ठांना फोनवरून 'ऑक्टोबरमध्ये फ्लू शॉट घ्या' असा सल्ला मिळतो. तो तिथल्या हिवाळ्यासाठी योग्य आहे. आपल्या देशात श्रीनगरसारख्या ठिकाणी फ्लू हिवाळ्यात जोर करतो, म्हणून तिथेही लस पावसाळ्यानंतर घेणेच शहाणपणाचे ठरते. नागपूरसह देशाच्या बहुतेक भागांत मात्र मुख्य लाट पावसाळ्यात येते आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान दुसरी, बहुधा लहान लाट येते. बहुधा असे म्हणतो, कारण २०१५ च्या सुरुवातीला हीच दुसरी लाट भयंकर ठरली होती: त्या वर्षी देशात सुमारे ४२ हजार जणांना एच१एन१ ची, म्हणजे स्वाईन फ्लूची, लागण झाल्याची आणि त्यांपैकी २,९९० जण दगावल्याची नोंद झाली, आणि नागपूर विभागही त्यातून सुटला नव्हता. तरीही वर्षातून एकदाच लस घ्यायची असेल, तर ती मेच्या अखेरीस किंवा मृग लागता लागता घेणे आपल्या हवामानाला धरून आहे. तिचे संरक्षण काही महिन्यांत हळूहळू ओसरते आणि विषाणूही आपले रूप बदलत राहतो. या दोन कारणांमुळे ती दरवर्षी घ्यावी लागते.

विषाणूच्या या बदलांवर लक्ष ठेवून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते उपप्रकार घालावेत हे सुचवते. आपण भूगोलाने उत्तर गोलार्धात असलो तरी आपला फ्लूचा हंगाम पावसाळ्यात येत असल्याने मे-जूनमध्ये दक्षिण गोलार्धासाठी केलेली त्या वर्षाची लस हीच सर्वांत ताजी असते. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो. तो वाचून घ्या आणि मागील हंगामाची उरलेली लस दिली जात नाही ना, एवढे विचारा. तीन घटकांची लस आणि चार घटकांची लस यांत गोंधळून जाऊ नका. चौथा घटक, म्हणजे बी प्रकाराचा यामागाता हा वंश, मार्च २०२० नंतर जगात खात्रीलायकरीत्या आढळलेला नाही, म्हणून २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनाच तो वगळण्यास सांगत आहे. 'तीनची आहे म्हणून हलकी' असे काही नाही. आणि दुकानदाराकडे लोक अजूनही जी 'स्वाईन फ्लूची लस' मागतात, ती वेगळी नसते. २००९ च्या साथीतला एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचाच भाग झाला असून याच लशीत त्याचा समावेश असतो.

आईंना समजावताना मागील वर्षीचा वाद पुन्हा उकरून काढू नका. 'मागच्या वर्षी आम्ही उशीर केला' असे तुम्ही स्वतःहून म्हणालात, तर अर्धे काम होईल. आणि लस घेऊनही पावसाळ्यात त्यांना ताप आला, तर घरी दोन दिवस वाट पाहू नका. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते आणि जोखमीच्या रुग्णांत डॉक्टर तपासणीच्या अहवालासाठी थांबत नाहीत. धाप लागणे, छातीत दुखणे, बेडक्यात रक्त, ओठ किंवा नखे निळसर होणे, ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि जूनमध्ये नर्सरीत जाणार आहे. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर हिब, म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी, असे लिहिलेले असून तिन्ही डोस झाले आहेत. म्हणजे त्याला फ्लूची लस मिळाली आहे असे समजावे का? (मनीषनगर)

उत्तर : नाही. हा घोटाळा तुमचा नसून सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांच्या घशातील स्रावात एक जिवाणू सापडला आणि तोच फ्लूचे कारण आहे असे त्यांनी मानले; नाव तेव्हापासून चिकटले. फ्लूचा खरा विषाणू माणसांत १९३३ मध्ये हाती लागला, पण बिचाऱ्या जिवाणूचे नाव कोणी बदलले नाही. हिब हा जिवाणू लहान मुलांत मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करतो. त्याविरुद्धची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लशीतून दिली जाते. तुमच्या मुलाला ती मिळाली हे उत्तमच झाले. परंतु फ्लूची लस वेगळी असते, आणि ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे अंगणवाडीच्या कार्डावर तिचा रकानाही नसतो.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व मुलांना पावसाळ्याआधी दरवर्षी ही लस देण्याची शिफारस करते. नऊ वर्षांखालील मुलाला ती प्रथमच देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात, कारण त्याच्या शरीराने या विषाणूची ओळख अजून करून घेतलेली नसते. पुढील वर्षापासून एक पुरतो. इथे तुम्हाला विदर्भाच्या उन्हाने थोडी सवलत दिली आहे. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, आपल्या मात्र जूनच्या अखेरीस. पहिला डोस याच आठवड्यात दिलात, तर दुसरा साधारण शाळेच्या तोंडावर होईल. खर्चाचे गणित सोपे नाही हे मी जाणतो. खासगी दवाखान्यात एका डोसला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात आणि दोन डोस म्हणजे त्याची दुप्पट. मुलाला दमा असेल, जन्मजात हृदयविकार असेल किंवा घरात तान्हे बाळ अथवा आजारी आजी-आजोबा असतील, तर हा खर्च मी आवर्जून करायला सांगेन. यांपैकी काहीच नसेल आणि हात आखडता असेल, तर स्वतःला दोष देत बसू नये. लस दिली अथवा न दिली, तापात मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नका.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली आहे, परंतु सासूबाईंना भीती वाटते की पोटातल्या बाळाला अपाय होईल. (हिंगणा)

उत्तर : सासूबाईंची काळजी स्वाभाविक आहे. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा. मृत विषाणूंची, दंडात टोचायची लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देता येते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये गरोदर स्त्रियांना या लशीसाठी सर्वाधिक प्राधान्य दिले; आजही त्या तिच्या प्राधान्यगटांत आहेत. नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस वेगळी. ती गरोदरपणात देत नाहीत. पोट वाढू लागते तशी फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते, हृदयावरचे काम वाढते आणि प्रतिकारशक्तीचा तोलही बदलतो, म्हणून एरवी चार दिवसांत उतरणारा फ्लू या काळात आईला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. २००९ च्या साथीत हे जगभर दिसले.

याशिवाय एक गोष्ट सासूबाईंना विशेष पटेल. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला त्या काळात जे संरक्षण मिळेल, ते आईच्या प्रतिपिंडांचेच; ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. तुमचे बाळ शरद ऋतूत जन्माला येईल आणि जानेवारी-मार्चच्या लाटेत ते अवघे काही महिन्यांचे असेल. २०१५ च्या साथीनंतर राज्याच्या आरोग्य विभागाने गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि रुग्णसेवेतील कर्मचारी यांना ही लस मोफत देण्यास सुरुवात केली. साठा सर्वत्र आणि सर्वकाळ असतोच असे नाही, म्हणून तपासणीसाठी जाल त्या शासकीय रुग्णालयात आधी चौकशी करा. धनुर्वाताची लस याच महिन्यात द्यायची असल्यास दोन्ही एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत देता येतात.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, निरोगी व्यापारी आहे. आमचे घर पूर्ण शाकाहारी असून ही लस अंड्यात तयार होते असे ऐकले. माझ्यासारख्याला ती खरोखर आवश्यक आहे का? (इतवारी)

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. बहुतेक फ्लूच्या लशींसाठी विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवला जातो, नंतर तो मारून शुद्ध केला जातो आणि अंड्यातील प्रथिनाचा अतिसूक्ष्म अंश त्यात राहतो. औषध म्हणून हे चालते की नाही, हा निर्णय तुमच्या श्रद्धेचा आहे. त्यात डॉक्टरने वकिली करू नये असे माझे मत आहे. अंड्याविना, पेशींमध्ये वाढवलेल्या विषाणूंपासून केलेल्या लशीही जगात आहेत. आपल्या औषधविक्रेत्याकडे त्याविषयी विचारणा करावी. याला जोडूनच सांगतो की अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही आता ही लस दिली जाते. पूर्वी नाही म्हणत असत.

आवश्यकतेविषयी बोलायचे तर निरोगी ४१ वर्षांच्या पुरुषाला मी आग्रह करत नाही. तुम्हाला फ्लू झाला, तर बहुधा आठवडाभर दुकान बंद राहील आणि तुम्ही बरे व्हाल. परंतु तुमच्या पत्रात घरातल्या माणसांचा उल्लेख नाही, आणि माझा निर्णय त्यावर ठरतो. फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच इतरांना तो देऊ लागतो, म्हणजे 'ताप आला की मी वेगळ्या खोलीत झोपेन' ही व्यवस्था एक दिवस उशिराची असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीला तुमच्याच रस्त्यावर अवघे शहर लोटते. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत आपण खोकला आणि रोगराई तिच्याबरोबर पाठवतो खरे, पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या त्या दाटीत ती आपसांत वाटूनही घेतो. तुमच्या घरी पंचाहत्तरीचे वडील असतील, डायलिसिसवर कोणी असेल किंवा कर्करोगाचे औषधोपचार चालू असतील, तर आधी त्यांना लस द्या, आणि त्यांची प्रतिकारशक्ती लशीला पुरेसा प्रतिसाद देत नसेल म्हणून तुम्हीही घ्या. घरात असे कोणी नसेल, तर न घेण्याचा तुमचा निर्णय मी चुकीचा मानणार नाही.

प्रश्न : ही लस कोणी घेऊ नये? तसेच गुळवेलाचा काढा नियमित घेतल्यास लशीची गरज राहते का? (सक्करदरा)

उत्तर : मागील वेळी याच लशीची तीव्र ॲलर्जी, म्हणजे श्वास अडकणे किंवा रक्तदाब एकदम खाली येणे, असे झालेल्यांनी ती घेऊ नये. गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत झाला असल्यास सहसा पुन्हा देत नाहीत. दहा लाख डोसमागे या आजाराचे एखाद-दुसरे जास्तीचे उदाहरण घडू शकते. हा धोका अत्यल्प असला तरी शून्य नाही. चांगलाच ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे. किरकोळ सर्दीसाठी थांबू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे, म्हणजे टोचलेली जागा दोन-तीन मिनिटे दाबून धरता येईल. काढा आवडत असेल आणि यकृताचा त्रास नसेल तर अधूनमधून घ्या. तो लशीची जागा घेत नाही. रोज महिनोन्महिने गुळवेल घेणाऱ्या काही जणांत यकृताला सूज आल्याचे करोनाकाळात आढळले आहे.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या औषध दुकानात लस थोडी स्वस्त मिळते. ती घेऊन घरी ठेवावी आणि सवडीने शेजारच्या परिचारिकेकडून टोचून घ्यावी असा विचार आहे. चालेल का? (महाल, वय ७२)

उत्तर : कृपया तसे करू नका. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि स्कूटरच्या डिकीत त्याहून अधिक उष्णता असते. दुकानातून घरी येईपर्यंतची वीस मिनिटे आणि नंतरची वीज गेलेली दुपार यांत तिचे काय होईल ते सांगता येत नाही. बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असते, हीच अडचण आहे. दुसरी चूक उलट्या बाजूने होते. उष्णतेच्या भीतीने लोक तिला बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवतात, आणि एकदा गोठलेली लस वितळल्यावर पुन्हा उपयोगाची राहत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या दवाखान्यात, रात्रीत फ्रिज अधिक थंड करण्याचा शहाणपणा केल्यामुळे, मला बारा डोस फेकून द्यावे लागले होते. तेव्हापासून मी फ्रिजमध्ये तापमापक ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो.

तेव्हा लस जिथे ठेवलेली आहे तिथेच टोचून घ्या. तिथे ॲलर्जीची प्रतिक्रिया आल्यास द्यायचे इंजेक्शन हाताशी असते, आणि टोचल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे तुम्हाला बसवूनही ठेवतात. दुकानातूनच घ्यायची असेल, तर बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यातून, लस थेट बर्फाला लागणार नाही अशा रीतीने, आणि डॉक्टरांकडे पोहोचायची वेळ ठरवूनच न्या. उन्हे उतरल्यावर, संध्याकाळी सहानंतर निघालात तर तुमच्यासाठीही बरे. तुमच्या वयात न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस वेगळी घ्यावी लागते. ती झाली नसल्यास त्याच भेटीत विचारा, आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक तुमच्या फाइलमध्ये लिहून घ्या.